पुस्तक बदलायला जाणारी मुलं

जुन्नर हे एकेकाळी कागदाचं गाव होतं. इथल्या कागदी कुटुंबांनी हाताने केलेला ‘जुन्नरी कागद’ मराठ्यांच्या दफ्तरांत आणि सावकारांच्या वह्यांत वापरला जाई. जुनं गोणपाट आणि चिंध्या कुटायच्या, चुन्यात मुरवायच्या, नदीवर धुऊन लगदा करायचा, जाळीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. टाक अडखळू नये म्हणून एवढी मेहनत. आणखी मागे गेलं तर नाणेघाटाच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिने यज्ञांची आणि दानांची यादी आकड्यांसकट दगडावर कोरवून घेतलेली आहे. त्या लेखाला दोन हजार वर्षं झाली.

लिहिण्याची इतकी जुनी सवय असलेल्या या मुलखात आज दहा वर्षांच्या मुलाच्या हाती गोष्टीचं पुस्तक कुठून येतं, हा प्रश्न घेऊन मी पुणे जिल्ह्यातले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके फिरले. धडा असलेलं, परीक्षेत येणारं पुस्तक मी शोधत नव्हते. मुलाने स्वतः कपाटापुढे उभं राहून निवडलेलं, घरी नेऊन जेवताना वाचलेलं आणि परत करायला जिवावर आलेलं पुस्तक मी शोधत होते.

मी याच भागात वाढले, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी घरचा आहे. आमच्या गावात वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावरची एक खोली. दाराशी लांब टेबल, त्यावर दोन-तीन वर्तमानपत्रं, ती वाचणारी पुरुषमंडळी आणि त्यांच्या पाठीमागे लोखंडी कपाटं. मला तिथे पहिल्यांदा कुणी वाचायला पाठवलं नव्हतं. पाठवलं ते आईचं पुस्तक बदलायला. आई स्वतः कधी त्या जिन्याच्या पायऱ्या चढली नाही. चिठ्ठीवर दोन-तीन नावं लिहून द्यायची : योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे. यातलं काही नसेल तर ‘सामाजिक द्या, रडकं नको,’ असा तोंडी निरोप. त्या काळी तालुक्यातल्या कितीतरी बायकांचं वाचन असं पोरांच्या पायांनी चाललं. आणि त्या निमित्ताने पोरं कपाटापर्यंत पोचली. आईचं पुस्तक शोधून होईपर्यंत ग्रंथपालकाका मला खालच्या कप्प्यापाशी बसू देत. त्या कप्प्यात चांदोबाचे बांधीव अंक होते, किशोर होता, भा. रा. भागवत होते.

त्या पुस्तकांची प्रत्येक खूण अजून डोळ्यांपुढे आहे. खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर चिकटवलेला दाखल क्रमांक, पहिल्या आणि अधल्यामधल्या कुठल्याशा पानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी. त्या तारखांवरून कळायचं की हे पुस्तक पावसाळ्यात भराभर फिरलंय आणि सुगीच्या दिवसांत महिना-महिना कपाटात पडून राहिलंय. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची तर शेवटची पानं हमखास गायब. कुणी पेन्सिलीने खुन्याचं नाव पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं असे. गावातल्या कोणकोणत्या घरांतून ते पुस्तक फिरून आलंय, हे हळदीच्या आणि चहाच्या डागांवरून थोडंफार ओळखता यायचं.

भागवतांचा फास्टर फेणे आम्हाला जवळचा वाटला त्याचं एक कारण अगदी साधं होतं. तो फुरसुंगीचा. म्हणजे पुणे जिल्ह्यातला, आमच्यासारखाच खेड्यातला, पुढे पुण्याच्या शाळेत गेलेला. सायकल, हाडकुळं अंग आणि तोंडाने काढलेला ‘ट्टॉक’ एवढ्या भांडवलावर मोठमोठ्या माणसांना पुरून उरणारा. भागवतांनी १९५१मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि मुलांसाठी लिहिणं हेच आयुष्याचं काम मानलं. पुण्या-मुंबईत त्यांची पुस्तकं विकत मिळत असतील. आमच्याकडे ती फक्त त्या खालच्या कप्प्यात होती. किशोरचंही तेच. बालभारतीने नोव्हेंबर १९७१मध्ये सुरू केलेलं हे मासिक आमच्याकडे एका अंकाला दहा घरं, अशा हिशेबाने वाचलं जाई.

पुस्तकांची दुसरी वाट मुंबईहून यायची. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि मावळ या तालुक्यांनी मुंबईला गिरणीकामगार दिले, डबेवाले दिले, माथाडी दिले. आंबेगावातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा त्यांपैकीच एक. गिरणीत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याचं छोटं चरित्र इकडच्या शाळांतून वाचलं जातं आणि ते वाचणाऱ्या मुलाचा काका किंवा आजोबा बहुधा त्याच मुंबईत राबलेला असतो. ही माणसं यात्रेला, गणपतीला गावी येत तेव्हा पिशवीत जुने चांदोबा आणि आदल्या वर्षीचे दिवाळी अंक असत. वाडीतल्या ज्या घरात वर्तमानपत्रही येत नव्हतं, तिथे विक्रम-वेताळ असा पोचला.

ओतूरला मी मुद्दाम थांबले. श्रावणातल्या सोमवारी कपर्दिकेश्वराच्या मंदिरात तांदळाच्या पिंडी घालतात, त्यासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही इथेच. आणि २६ ऑगस्ट १९४४ रोजी अनिल अवचट जन्मले तेही याच गावात. नववी-दहावीत असताना त्यांचं ‘माणसं’ माझ्या हाती आलं आणि पाठोपाठ ‘स्वतःविषयी’. आमच्या एसटीच्या पाटीवर दिसणारं ओतूर मला तोवर कधी छापील पुस्तकात भेटलं नव्हतं. पुस्तकातली गावं दुसरीकडची असतात, असं मी मनाशी धरूनच चालले होते. अवचटांनी ते मोडलं. साध्या बोलीतली छोटी वाक्यं, पुढ्यातल्या माणसाकडे लक्ष, कुठेही आवाज चढवणं नाही. मी पुढे वार्तांकनाकडे वळले त्याच्या मुळाशी ही दोन पुस्तकं आहेत. त्यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ या मुलांसाठीच्या पुस्तकाला २०१० साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले. ओतूर परिसरातल्या प्रत्येक शाळेत ‘सृष्टीत... गोष्टीत’ची निदान एक प्रत मुलांच्या हाताला लागेल अशी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मुलखाचं, आपल्या माणसांचं पुस्तक हाती असण्याची ही गरज पश्चिमेकडच्या आदिवासी गावांमध्ये अधिक तीव्रतेने जाणवते. निमगिरी हे जुन्नरच्या डोंगरातलं महादेव कोळी वस्तीचं गाव. तिथे जन्मलेल्या डॉ. गोविंद गारे यांनी पुढे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संचालकपद सांभाळलं आणि ‘सह्याद्रीतील आदिवासी : महादेव कोळी’ हा ग्रंथ लिहिला. आपल्या देवांची, सणांची, लग्नरीतींची नोंद आपल्याच माणसाने केली आहे, हे कळायला मुलाला तो ग्रंथ निदान डोळ्यांनी दिसला पाहिजे. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि त्याच्या अखत्यारीत शासकीय आश्रमशाळा चालतात. हिरडा वेचायच्या दिवसांत आई-बाप रानात, मुलं शाळेच्या वसतिगृहात. या मुलांजवळ संध्याकाळचा मोकळा वेळ आहे, सोबतीला आपल्याच वयाची पन्नास मुलं आहेत आणि घरचं काम मागे लागलेलं नाही. वाचनासाठी याहून चांगली परिस्थिती दोन्ही तालुक्यांत मला दुसरी दिसली नाही. म्हणून आश्रमशाळेतल्या पुस्तकांचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते. त्याला आणखी एक कारण आहे. आंबेगाव तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडालं. ज्यांच्या आजोबांचं गावच पाण्याखाली गेलं, त्यांना त्याची आठवण मिळणार ती म्हाताऱ्यांच्या तोंडून किंवा पुस्तकातून. म्हातारी माणसं एकेक करून जाताहेत.

पूर्वेकडे चित्र अगदी निराळं. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात ट्रकांची रांग, कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, द्राक्षं, आणि मधूनच शेतांमध्ये आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार तबकड्या. खोडदची ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आमच्या लहानपणी वाचनालयातल्या वाचकांमध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’साठी नंबर लागायचे. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती, कारण परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये. हा किस्सा मुलांना सांगितला की त्यांचे डोळे चमकतात. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला जिल्ह्याभरातून शाळांच्या सहली लोटतात. सहलीहून परतलेल्या मुलाला लगेच दुसऱ्या दिवशी नारळीकरांचं पुस्तक मिळालं, तर त्या सहलीचं सोनं होईल. ते पुस्तक बहुतेक शाळांत असतंही. पण कपाटात.

या कपाटाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळी गाठ तिथेच आहे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांमध्ये पुस्तकं आहेत. सरकारी योजनांतून आलेली, कुणा देणगीदाराने दिलेली, रंगीत आणि चांगल्या कागदावरची. ती खुर्च्या-टेबलांसारखी नोंदवहीत चढतात आणि मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर राहतात. तपासणीला पुस्तक कमी भरलं तर जाब कुणी द्यायचा, पैसे कुणाच्या खिशातून जायचे, ही धास्ती शिक्षकांच्या मनात असते आणि ती खोटी नाही. त्यामुळे वाचन प्रेरणा दिन आला की १५ ऑक्टोबरला पुस्तकं व्हरांड्यात सतरंजीवर मांडली जातात, फोटो निघतात आणि संध्याकाळी पुन्हा कुलूप लागतं. दोष शिक्षकांचा नाही. जीर्ण पुस्तकं नोंदीतून कमी करण्याची, म्हणजे निर्लेखनाची, पद्धत आहेच. ती मुलांच्या पुस्तकांसाठी सोपी करून दिली आणि दर वर्षी काही पुस्तकं फाटणार, हरवणार हे अधिकाऱ्यांनीच लेखी मान्य केलं, तर निम्मी कुलुपं आपोआप निघतील. काही शाळांनी हे स्वतःच्या हिमतीवर केलेलंही मी पाहिलं. वर्गात खिडकीच्या गजांना दोरी बांधून तिच्यावर पुस्तकं टांगलेली होती, देवघेवीची वही चौथीतल्या मुलींच्या ताब्यात होती. वहीत खाडाखोड होती, काही नावं चुकीची लिहिलेली होती, पण पुस्तकं घरी जात होती आणि परत येत होती.

सार्वजनिक वाचनालयांची कथा थोडी वेगळी. महाराष्ट्रात या चळवळीला जुना वारसा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नगरचं १८३८चं, नाशिकचं १८४०चं. पुण्यात १८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने ग्रंथालय उभं राहिलं, तेच आजचं नगर वाचन मंदिर. १९६७मध्ये राज्याने ग्रंथालय कायदा केला आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान सुरू झालं. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. त्यांतली खेड्यांतली बहुसंख्य ‘ड’ वर्गातली. त्यांचं वार्षिक अनुदान कित्येक वर्षं ३० हजार रुपये होतं. २०२२मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा ते ४८ हजारांवर गेलं. म्हणजे तेव्हा महिन्याला ४ हजार. यातूनच ग्रंथपालाचं मानधन, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि नवी पुस्तकं. तेही हप्त्याने आणि उशिरा. ज्या माणसाच्या भरवशावर आपण गावाचं वाचन सोडतो, त्याला आपण रोजंदारीच्या मजुराइतकंही देत नाही, हे मराठी समाजाला शोभणारं नाही.

इतक्या पैशात मुलांसाठी नवं पुस्तक येणार कुठून? जे पैसे उरतात ते स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांकडे जातात. तरुण पोरं तीच मागतात आणि त्यांची गरज खरी आहे. वाचनालयांच्या अभ्यासिका आज भरलेल्या दिसतात याचा मला आनंदच आहे. पण टेबलाभोवती बसलेल्या त्या पंचविशीतल्या मुलांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली : लहानपणी गोष्टीची पुस्तकं वाचलेली मुलं चालू घडामोडींचं जाडजूड पुस्तकही सहज उलगडतात. बाकीची ओळीखाली बोट धरून झगडत राहतात. हे माझं निरीक्षण आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

मुलं वाचनालयात येत नाहीत याचं एक कारण मात्र बाहेरच्या कुणाला सुचणार नाही. बिबट्या. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, बारमाही ऊस उभा राहिला आणि बिबट्याने त्या उसालाच जंगल मानलं. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरूनच इथल्या परिस्थितीचा अंदाज यावा. लहान मुलांवर हल्ले झालेले आहेत. आता दिवेलागणीनंतर कोणतीही आई पोराला उसाच्या कडेने वाचनालयात पाठवणार नाही आणि पाठवूही नये. पण गावोगावची वाचनालयं उघडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, शेतातून परतलेल्या मोठ्या माणसांच्या सोयीने. शाळा सुटल्यावर साडेचार-पाचला कुलूप आणि अंधार पडता पडता दार उघडं, अशी वेळ असेल तर मूल येणार कधी? वेळ बदलायला अनुदान लागत नाही. रविवारी सकाळचे दोन तास फक्त मुलांचे, असं ठरवलं तरी पुष्कळ होईल.

आणि मुली. चौथी-पाचवीपर्यंत त्या धावत येतात. सातवी-आठवीनंतर दिसेनाशा होतात. टेबलापाशी बसलेल्या पुरुषांमधून वाट काढत कपाटापर्यंत जायचं हे त्यांना अवघड वाटतं. मलाही वाटलं होतं. माझं वाचन टिकलं ते ग्रंथपालकाका पुस्तकं घरी पाठवत म्हणून. मुलांचं कपाट आतल्या खोलीत न ठेवता दारालगत ठेवलं, तर हा अडथळा एका दुपारीत दूर होतो.

मुलाला पुस्तकापर्यंत येता येत नसेल तर पुस्तकानेच जावं, हा विचारही आपल्याकडे नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या धाडल्या जात. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना उभी केली. निवडक पुस्तकांची एक पेटी, काही कुटुंबांचा एक गट आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल. ती परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही गेली. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार मे २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालं आणि घराघरांत कपाटं उभी राहिली. भीमाशंकरच्या वाटेवरच्या आंबेगावच्या वाड्यांना आणि नाणेघाटाकडच्या जुन्नरच्या गावांना पेटीची योजना सगळ्यात जास्त लागू पडेल. एसटी जाते तिथवर पेटी जाते.

आवडतं पुस्तक कोणतं, असं मी वाटेत भेटलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांना विचारलं. शेतकरी होते, एसटीतून निवृत्त झालेले होते, अंगणवाडी सेविका होत्या. ‘श्यामची आई’, ‘मृत्युंजय’, ‘फकिरा’, ‘श्रीमान योगी’ ही नावं पुनःपुन्हा आली आणि जवळजवळ प्रत्येकाने ते पुस्तक नऊ ते पंधरा या वयात वाचलेलं होतं. शिवनेरी ज्यांना शाळेच्या खिडकीतून दिसतो त्यांनी ‘श्रीमान योगी’ वाचणं म्हणजे काय, हे इथे आल्याशिवाय कळायचं नाही. माझं विचाराल तर ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. बाराव्या वर्षी मी ती वाचली, तेव्हा मला आवडले ते नव्या शाळेत आलेला तरुण मास्तर आणि धनगरांची पोरं. तिशीत वाचली तेव्हा कारभाऱ्याचं म्हातारपण जिव्हारी लागलं. आता वाचते तेव्हा शेवटचा दुष्काळ सोडवत नाही. गुरं-मेंढरं, माणसं, सगळी वाडी पांगते तो भाग मी हळूहळू वाचते. पुस्तक तेच आहे, त्यातला एक शब्दही बदललेला नाही. बाराव्या वर्षी ते हाती आलं नसतं तर पुढची दोन्ही वाचनं झाली नसती.

किशोरचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आज मोफत वाचायला मिळतात, हे पालकांना जरूर सांगते. चांगली सोय आहे, ती वापरा. पण मोबाइल घरातल्या मोठ्या माणसाचा असतो आणि तो हवा तेव्हा काढून घेतला जातो. वाचनालयातून आणलेलं पुस्तक त्या आठवड्यापुरतं मुलाच्या नावावर असतं. नोंदवहीत त्याची सही असते. दहा वर्षांच्या मुलाला गावात स्वतःच्या नावाने मिळणारी ती बहुधा पहिली गोष्ट.

तेव्हा जुन्नर-आंबेगावातल्या आणि इतर तालुक्यांतल्याही वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्यांनी गावच्या यात्रेची वर्गणी देताना वाचनालयाच्या मुलांच्या कप्प्याचीही वर्गणी द्यावी आणि ती रोख न देता नव्या पुस्तकांच्या रूपाने द्यावी. घरातली रद्दी, जुनी गाईडं वाचनालयाला दान करू नयेत. पंचायतीच्या सदस्यांनी वाचनालयाची वेळ एकदा तपासून पाहावी. आणि हा दिवाळी अंक तुम्ही वाचनालयाच्या अंकयोजनेतून घरी आणला असेल, तर तो वेळेवर परत करा, दुसरा वाचक थांबलेला असतो. परत करायला जाताना घरातलं पोर सोबत न्या आणि त्याचं नाव नोंदवून या. बालसभासदाची वर्गणी सुट्या पैशांत भागते.